हातचे काम आणि हाताखालची माणसे

विवाहाची बोलणी सुरू झाली, की शिक्षणाची व वेतनाची चौकशी आटोपल्यावर वडीलधाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: “मुलाच्या हाताखाली माणसे किती?” या प्रश्नात गैर असे काही नाही. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या कलेक्टर कचेरी, रेल्वे आणि गिरणी येथेच नोकरीच्या पायऱ्या पाहिल्या, त्या समाजात हाताखालच्या माणसांची संख्या हेच प्रतिष्ठेचे माप ठरावे, हे स्वाभाविक होय. परंतु संगणक-व्यवसायात काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या बाबतीत हे माप फसवे ठरू लागले आहे. नोकरी सुटल्यास दुसरी मिळविणे ज्याच्या हाताखाली माणसे आहेत त्यालाच अधिक अवघड जावे, अशी काहीशी उलटी स्थिती 2022 सालापासून दिसत आहे. तिची कारणे समजून घेणे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे.

प्रथम दोन प्रकारचे अभियंते वेगळे ओळखले पाहिजेत. एक जण स्वतः संगणकाची आज्ञावली लिहितो, तिची रचना ठरवितो, तीत बिघाड झाल्यास तो शोधून काढतो. दुसरा अशा सहा-आठ जणांचा गट सांभाळतो. कोणी काय करावे, कोणते काम आधी हातावेगळे करावे, कोणास बढती द्यावी, हे तो पाहतो. या दुसऱ्यास इंजिनिअरिंग मॅनेजर म्हणतात आणि आपण त्यास सहज ‘व्यवस्थापक’ म्हणतो. पहिल्यास मात्र इंडिव्हिज्युअल कॉन्ट्रिब्यूटर असे लांबलचक नाव आहे, आणि भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारख्याची लेखणी येथे अडते. मुकादम, नाईक, कारभारी, म्होरक्या असे देखरेख करणाऱ्यासाठी आपल्या भाषेत हवे तितके शब्द आहेत. पण वीस वर्षांच्या नोकरीनंतरही जो स्वखुशीने स्वतःच्या हातांनीच काम करतो आणि तरीही मोठा मानला जातो, अशा नोकरदारासाठी शब्द चटकन सापडत नाही. या लेखापुरते आपण त्यास ‘कर्ता अभियंता’ म्हणू.

आता घडलेल्या गोष्टी पाहू. कोरोनाच्या साथीत, 2020 आणि 2021 साली, लोकांचे बरेचसे व्यवहार संगणकावर आले आणि अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी भराभर नोकरभरती केली. नवी माणसे आली, त्यांवर व्यवस्थापक आले, आणि त्या व्यवस्थापकांवरही व्यवस्थापक आले. पुढे व्याजाचे दर चढले व हात आखडता घेण्याची वेळ आली. नोव्हेंबर 2022 मध्ये फेसबुक चालविणाऱ्या मेटा कंपनीने 11,000हून अधिक माणसे कमी केली. मार्च 2023 मध्ये आणखी सुमारे 10,000 जागा कमी करण्याचे जाहीर करताना कंपनीचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी अधिकाराचे थर घटविण्याचा आणि अनेक व्यवस्थापकांस पुन्हा कर्त्या अभियंत्याच्या कामावर जाण्यास सांगण्याचा मनोदय स्पष्ट केला. सप्टेंबर 2024 मध्ये अ‍ॅमेझॉनचे प्रमुख अँडी जॅसी यांनी व्यवस्थापकांच्या तुलनेत कर्त्या मंडळींचे प्रमाण मार्च 2025 अखेर किमान 15 टक्क्यांनी वाढविण्यास आपल्या कंपनीतील विभागांना सांगितले.

या टक्क्यांचा अर्थ घरगुती हिशेबाने पाहावा. समजा, एका कचेरीत 120 कर्ते अभियंते आहेत आणि दर 6 जणांमागे एक व्यवस्थापक आहे. म्हणजे व्यवस्थापक 20 झाले. उद्या मालकाने ठरविले, की एकाने 8 जण सांभाळावेत. तर 15 व्यवस्थापक पुरेत. आज्ञावली लिहिणारा एकही माणूस कमी झाला नाही, कामही घटले नाही, आणि तरी पाच संसारांवर संक्रांत आली. हे पाच जण जेव्हा दुसऱ्या कंपन्यांची दारे ठोठावतात, तेव्हा तेथेही हीच वजाबाकी चालू असल्याचे त्यांना आढळते.

संख्येची ही अडचण झाली. दुसरी अडचण गुण सिद्ध करण्याची आहे. कर्त्या अभियंत्यास मुलाखतीत एक कूट घालता येते. तासाभरात त्याने ते सोडविले, की त्याची पारख झाली. व्यवस्थापकाचे कर्तृत्व मात्र कथनाने सांगावे लागते. माझ्या गटाने काम वेळेवर पुरे केले, दोघांतील भांडण मी मिटविले, असे तो सांगतो. त्यांतील किती श्रेय त्याचे व किती गटाचे, हे परीक्षकास कळावे कसे? शिवाय त्याचे पुष्कळसे ज्ञान त्या एका घरापुरते असते. कोणत्या विभागाकडून काम कसे काढून घ्यावे, कोणाच्या शब्दास वजन आहे, ही माहिती जुन्या कचेरीत लाखमोलाची आणि नव्या कचेरीच्या उंबरठ्यावर जवळजवळ निरुपयोगी. म्हणूनच गट सोपविताना कंपन्या बहुधा घरातल्याच विश्वासू माणसास पुढे करतात. एवढे करून बाहेरच्या उमेदवारास बोलावलेच, तर अनेक ठिकाणी त्यालाही आज्ञावली लिहून दाखवावी लागते. आणि सहा वर्षे ज्याने ती लिहिलीच नाही, त्याची स्थिती रियाज सुटलेल्या गवयासारखी होते.

यावरून व्यवस्थापक हा निव्वळ बांडगूळ आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. गूगल कंपनीच्या संस्थापकांनी 2002 च्या सुमारास अभियंत्यांवरील व्यवस्थापकच काढून टाकून पाहिले. काही महिन्यांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला, कारण किरकोळ खर्चाच्या मंजुरीपासून आपसांतील कुरबुरींपर्यंत सारे गाऱ्हाणे थेट मालकांपुढे येऊ लागले. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या 1975 च्या ग्रंथात याचे गणितच मांडले आहे. पाच माणसांत परस्परांशी बोलण्याच्या जोड्या 10 होतात. दहा माणसांत त्या 45 होतात. माणसे दुप्पट झाली, की समजुती-गैरसमजुतींच्या वाटा चौपटीहून अधिक वाढतात. त्यांवर कोणी तरी लक्ष ठेवलेच पाहिजे. गूगलनेच पुढे चांगल्या व्यवस्थापकाची आठ लक्षणे शोधून काढली, तेव्हा तांत्रिक ज्ञान त्या यादीत शेवटचे, आठवे ठरले. म्हणजे काम करताना जो गुण शेवटी येतो, नोकरी शोधताना त्याचीच परीक्षा आधी होते! व्यवस्थापकाच्या पेचाचे मूळ या विसंगतीत आहे.

कर्त्या अभियंत्याचे सगळे सुखाचे आहे, असेही नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि त्यानंतर आज्ञावलीचे कच्चे काम यंत्रेही करू लागली. त्यामुळे केवळ सांगितले तेवढे लिहिणाऱ्या नवशिक्यांपुढे काळजीचे कारण आहेच. परंतु यंत्राने लिहिलेल्यातील चूक ओळखणारा, संपूर्ण रचनेचा भार पेलणारा जाणता अभियंता हवाच असतो, आणि त्यास आपले कसब कोठेही नेता येते.

हे वारे आपल्या देशातही पोहोचले आहे. मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने जुलै 2025 मध्ये आपल्या सहा लाखांहून अधिक नोकरवर्गातून सुमारे 2 टक्के, म्हणजे 12,000हून अधिक जागा त्या आर्थिक वर्षात कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्याचा भार मुख्यतः मधल्या व वरच्या श्रेणींवर पडेल असे सांगितले. पुण्याच्या हिंजवडीत काय किंवा बंगळूर-हैदराबादेत काय, या मधल्या श्रेणीत चाळिशीतील किती तरी मराठी गृहस्थ व गृहिणी आहेत. घराच्या कर्जाचे हप्ते चालू, मुले शाळेत, आईवडील थकलेले, अशा ऐन भरातल्या वयाची ही माणसे आहेत.

तेव्हा करावे काय? ज्यांस व्यवस्थापकपद देऊ केले जाईल, त्यांनी ते घाबरून नाकारू नये; माणसे सांभाळण्याची ज्यांस आवड आहे, त्यांनी ते अवश्य घ्यावे. मात्र घेण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पुढे न जमल्यास मूळ कामावर परत येता येईल काय? आणि कर्त्या अभियंत्यास याच कंपनीत कोणत्या श्रेणीपर्यंत चढता येते? आयबीएम कंपनीने 1960च्या दशकाच्या आरंभी ‘फेलो’ हे मानाचे पद निर्माण करून, माणसांवर अधिकार न गाजविताही सर्वोच्च पंक्तीत बसता येते, हे दाखवून दिले. पुढे अनेक कंपन्यांनी अशी दुहेरी शिडी उभारली व समान श्रेणीस समान वेतन ठेवले. जेथे अशी शिडी नाही, तेथे आपला पाय कोठे पडतो आहे, हे ओळखूनच पुढे जावे.

पद घेतल्यावर हातचे काम अगदी सोडू नये. आठवड्यातील काही तास सहकाऱ्यांची आज्ञावली बारकाईने वाचण्यास द्यावेत, लहानसा भाग स्वतः लिहावा. गटाने काय साधले, त्यापूर्वी स्थिती काय होती व आपण नेमका कोणता निर्णय घेतला, याची टिपणे तारीखवार ठेवावीत. आठवणीवर विसंबणारा उमेदवार मुलाखतीत चाचपडतो. आणि वाढलेल्या पगाराबरोबर खर्चाची पातळी लगेच वाढवू नये. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूस असला, म्हणजे नोकरीच्या शोधात मिळेल ते पत्करण्याची घाई करावी लागत नाही.

राहता राहिला कुटुंबाचा वाटा, आणि तो लहान नाही. एखाद्या गवयास पन्नाशीनंतर कोणी विचारीत नाही, की “आपण अजून स्वतःच गाता काय?” निष्णात शल्यविशारद अखेरपर्यंत स्वतःच्या हातांनी शस्त्रक्रिया करतो, यात त्याचा मोठेपणाच मानला जातो. मग घरचा अभियंता व्यवस्थापकी सोडून पुन्हा आज्ञावली लिहू लागला, तर त्यास घसरण का म्हणावे? बहुतेकांस हा निर्णय कठीण वाटतो तो कामामुळे नव्हे. घरच्यांस आणि नातेवाइकांस काय सांगावे, या संकोचामुळे. कित्येक जण त्यापायी चांगली चालून आलेली जागा नाकारतात आणि मॅनेजर या शब्दाची वाट पाहत महिने घालवितात. पत्नीने, पतीने किंवा आईवडिलांनी “तुला जे काम चांगले येते ते कर, लोकांचे आम्ही पाहून घेऊ” एवढे म्हटले, तरी त्या माणसाच्या मनावरचा अर्धा भार उतरेल. उरलेला अर्धा भार उचलण्यास त्याचे हात समर्थ आहेत.