धावपट्टी मोकळी आहे, हे कोणी ठरवायचे?

वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांना लहान विमानतळावर का पाठवतात, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: तिथे वर्दळ नसते, म्हणून धोका नसतो. बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी मुलगी किंवा मुलगा शिकायला निघाला की आईवडिलांनाही हेच सांगून धीर दिला जातो. काहींना धोका मान्य असतो, पण त्यांच्या मते प्रत्येक धावपट्टीला टॉवर बांधला, नियंत्रक नेमला की प्रश्न मिटला. तिसरे मत खुद्द वैमानिकांमध्ये रुजलेले आहे. निर्णयशक्ती शिकवायची गोष्ट नाही, उड्डाणाचे तास भरत जातात तशी ती अंगी येते, असे ते म्हणतात. मला ही तिन्ही मते चुकीची वाटतात, आणि तिसरे तर जिवावर बेतणारे आहे.

पहिले मत आधी तपासू. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात क्विन्सी नावाचे गाव आहे. तिथला विमानतळ लहान, टॉवर नसलेला, आणि धावपट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या. १९ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी तिथे वर्दळ म्हणावी असे काही नव्हते. बीचक्राफ्ट १९०० हे छोटे प्रवासी विमान १३ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरायला येत होते. ०४ क्रमांकाच्या धावपट्टीवर किंग एअर हे दोन इंजिनांचे विमान टेकऑफसाठी उभे होते आणि त्याच्यामागे एक चेरोकी. प्रवासी विमानाच्या वैमानिकांनी रेडिओवर विचारले की किंग एअर उडणार आहे की थांबणार आहे. थांबत असल्याचे उत्तर आले. पण ते उत्तर किंग एअरचे नव्हते, मागच्या चेरोकीचे होते. आणि त्यातला काही भाग प्रवासी विमानाच्या कॉकपिटमधल्या उंची सांगणाऱ्या यांत्रिक आवाजाखाली दबला. वैमानिकांनी आभार मानले आणि ते उतरले. तोवर किंग एअर धावू लागले होते. दोन धावपट्ट्या मिळतात तिथे दोन्ही विमाने आदळली आणि पेटली. प्रवासी विमानातली माणसे धडकेतून वाचली होती, पण दार उघडले नाही. दोन्ही विमानांतले मिळून १४ जण गेले.

आता तासांचा हिशेब पाहा. चेरोकीचा वैमानिक नवखा होता, त्याचे शंभर तासही भरलेले नव्हते. किंग एअरमध्ये मात्र एअरलाइनमधून निवृत्त झालेले, हजारो तास उडालेले एक वैमानिक बसले होते आणि त्यांच्यासोबत एक तरुण प्रशिक्षक होती. चौकशीत मुख्य दोष कोणावर आला? किंग एअरवर. त्यांनी रेडिओकडे नीट कान दिला नाही आणि आजूबाजूला पुरेसे पाहिले नाही. इतक्या तासांनी त्यांना मान वळवून पाहायला लावले नाही. म्हणून तास वाढले की शहाणपण येतेच, हे मी मानत नाही. तास वाढतात तशी सवय वाढते, आणि ती चांगली आहे की वाईट हे पहिल्या वीस-तीस तासांतच ठरलेले असते.

टॉवर असता तर हे टळले असते, हे खरेच आहे. जिथे विमाने वाढली आहेत तिथे टॉवर हवाच, त्याला माझा विरोध नाही. पण टॉवर असला की निर्णयाची जबाबदारी संपते, हे मला पटत नाही. टेनेरिफ बेटावर २७ मार्च १९७७ रोजी टॉवर होता, नियंत्रक होते, रेडिओही चालू होता. शेजारच्या बेटावरचा मोठा विमानतळ बॉम्बमुळे बंद पडला आणि टेनेरिफच्या लॉस रोदेओस विमानतळाच्या एकाच धावपट्टीवर मोठाली विमाने येऊन दाटली. धुक्यात केएलएमच्या ७४७ ने परवानगी न मिळताच टेकऑफ सुरू केला. समोर धावपट्टीवर पॅन अॅमचे ७४७ अजून पुढे सरकत होते. ५८३ माणसे मेली. केएलएमचे कॅप्टन फान झान्टेन हे त्या कंपनीच्या ७४७ प्रशिक्षणाचे प्रमुख होते. पॅन अॅमचे विमान बाजूला झाले का, अशी शंका त्यांच्या फ्लाइट इंजिनियरने धावताना काढली होती. कॅप्टननी ठामपणे 'हो' म्हटले आणि शंका तिथेच थांबली. दुसऱ्यांना शिकवणाऱ्या माणसासमोर शंका घेऊन टिकून राहणे किती अवघड असते, हे प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला माहीत असते.

म्हणूनच माझा आग्रह आहे की निर्णय शिकवता येतो आणि तो पहिल्या दिवसापासून शिकवला पाहिजे. त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. धावपट्टीत शिरण्याआधी विमान आडवे करून फायनलकडे, म्हणजे उतरणारी विमाने शेवटी सरळ येतात त्या मार्गाकडे, नजर टाकायची, आणि विरुद्ध टोकाकडेही, कारण वारा मंद असला की कोणी तिकडूनही येतो. वर पंख असलेल्या सेसनातून वरचे दिसत नाही, खाली पंख असलेल्या पायपरमधून खालचे. फायनलवर सेसना खाली आणि पायपर वर असेल तर दोघेही एकमेकांना आंधळे असतात. हे फळ्यावर काढून भागत नाही, विद्यार्थ्याला सीटवर बसवून दाखवावे लागते. रेडिओवर उत्तर आले तर ते कोणाचे, हे विमानाच्या नावानिशी पुन्हा विचारायचे, आणि विचारायला लाजायचे नाही. टच अँड गो करताना, म्हणजे टेकून लगेच पुन्हा उडताना, अर्धी धावपट्टी संपेपर्यंत उड्डाणाच्या वेगाच्या सत्तर टक्के वेग आला नाही तर इंजिन कमी करून थांबायचे. हा आकडा हवेत असताना नव्हे, जमिनीवर बसून ठरवायचा.

यात खरी आडकाठी पैशाची आहे. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास लागतात, त्यातले १०० स्वतः विमानाची जबाबदारी घेऊन. तासागणिक पैसे मोजून पालक कर्जाखाली आलेले असतात. वारा आडवा वाटतो म्हणून परत फिरलेल्या मुलाला आज शाबासकी मिळत नाही. त्याचा क्रमांक जातो आणि आठवडाभर विमान मिळत नाही. मग पुढच्या वेळी तो परत फिरत नाही. शिक्षा करून आपणच त्याला चुकीचा निर्णय शिकवतो, आणि अपघात झाला की 'वैमानिकाची चूक' असे लिहून मोकळे होतो. याचा मला मनापासून संताप येतो.

उड्डाण नाकारणाऱ्या विद्यार्थ्याचा क्रमांक कायम राहिला पाहिजे, आणि हे प्रशिक्षण संस्थेच्या नियमात लिहिलेले असले पाहिजे. प्रशिक्षकाने मुद्दाम बिघडवलेले लँडिंग विद्यार्थी कधी सोडून देतो, हे तोंडातून शब्द न काढता पाहिले पाहिजे. आणि सोलोला सोडण्याआधी लॉगबुकात लँडिंग मोजतो तशी, त्याने स्वतःहून घेतलेली गो-अराउंडही, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर जाणेही, मोजावीत. एकही नसेल तर सोलो पुढे ढकलावे.