पागलखाना चौक

खापरखेड्याहून कोराडी, मानकापूर ओलांडून नागपुरात शिरलं की पागलखाना चौक येतो. ऑटोवाला बिनदिक्कत नाव पुकारतो, आपण उतरतो. त्या नावामागे माणसं आहेत, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. (हट्टी पोरांना आमच्याकडे याच चौकाची भीती घालत.)

भिंतीआडचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचं. तेव्हापासून किती माणसं त्या फाटकातून आत गेली आणि घराच्या बोलण्यातूनही पुसली गेली! मनोरुग्णांविषयीच्या १९१२च्या कायद्याच्या तर नावातच ‘ल्युनसी’, म्हणजे वेडेपणा, होतं. २०१७चा कायदा स्पष्ट सांगतो: घरचे स्वीकारत नाहीत, एवढ्यासाठी कुणालाही रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही. पण बरी झालेली बाई जाणार कुठे? भावांनी घर विकलेलं, नोंदवहीतला पत्ता जुना, आणि सात-बाऱ्यावर तिचं नावच नाही.

हा अंक अशांसाठी आहे. तुमच्याही घरात एखादी आत्या, एखादा काका असेल, ज्यांचा फोटो आहे पण विषय निघत नाही. त्यांच्याबद्दल लिहून पाठवा. नाव छापणार नाही.