शस्त्रक्रिया मुंबईत, पथ्य श्रीवर्धनात

वजन उतरविण्यासाठी जठरावर करावयाची शस्त्रक्रिया ही महाराष्ट्राला आता नवलाईची राहिलेली नाही. २०११ मध्ये भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत ती करून घेतली, तेव्हा तिची चर्चा घरोघरी झाली. २०१७ च्या फेब्रुवारीत इमान अहमद या इजिप्शियन स्त्रीला मालवाहू विमानाने मुंबईत आणले गेले. मार्चमध्ये सैफी रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि किती किलो उतरले याचा हिशेब वृत्तपत्रे जवळजवळ रोज मांडू लागली. पुढे त्या आकड्यांवरूनच रुग्णालय आणि नातेवाईक यांच्यात वाद झाला. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलविण्यात आले व सप्टेंबरात तिथेच ती मरण पावली. तिचे दुखणे अपवादात्मक होते. त्यावरून शस्त्रक्रियेच्या गुणदोषांविषयी निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. परंतु त्या चार महिन्यांत एक गोष्ट स्पष्ट झाली. समाजाची नजर उतरलेल्या किलोंवर खिळलेली असते. उतरलेले वजन दहा वर्षांनी, वीस वर्षांनी कुठे असते, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही.

रायगडच्या किनारपट्टीला हा प्रश्न विशेष लागू आहे. उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांतील माणूस मोठ्या दुखण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आला आहे. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेसाठीही तो तिकडेच जातो. दुर्बिणीच्या साहाय्याने होणारी ही शस्त्रक्रिया एक-दोन तासांत आटोपते आणि रुग्ण बहुधा दोन-तीन दिवसांत घरी परततो. त्यानंतर महिन्याने, तिमाहीने, सहामाहीने व पुढे दरवर्षी तपासणीस यावे, असे त्याला बजावलेले असते. पहिले वर्ष तो जातोही. वजन झरझर उतरत असते, जुने कपडे सैल होत असतात, तेव्हा प्रवासाचा शीण वाटत नाही. पुढे रजेचा प्रश्न येतो. पावसाळ्यात गेट वे ते मांडवा ही लाँचसेवा बंद असते. २०२० मध्ये सुरू झालेल्या रो-रो सेवेने अलिबागकरांची सोय केली हे खरे. पण श्रीवर्धनच्या शिक्षकाला किंवा मुरूडच्या कारकुनाला तिचा उपयोग बेताचाच. मुंबई-गोवा महामार्गाचे २०११ मध्ये सुरू झालेले रुंदीकरण वर्षानुवर्षे कसे रेंगाळले, हे तर या भागातील प्रवाशांना सांगावयास नको. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी रुग्णालयाशी असलेला संबंध सुटतो. आणि वजन पुन्हा चढू लागण्याचा काळ नेमका हाच असतो.

वजन का चढते, हे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण त्याविषयीचा गैरसमज रुग्णाला फार छळतो. आपल्याकडे सर्वाधिक प्रचलित असलेल्या 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात. जठर केळ्याएवढ्या नळीसारखे उरते. त्यामुळे अन्न कमी मावते, हा परिणाम सर्वांना ठाऊक असतो. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. भूक चेतविणारे 'घ्रेलिन' हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या भागातून स्रवते, तोच भाग काढला जातो. शिवाय अन्न आतड्यात लवकर उतरल्यामुळे तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरके वाढतात. म्हणजे भूकच कमी होते. परंतु शरीर हा मोठा चिवट हिशेबनीस आहे. गमावलेली चरबी ही त्याच्या लेखी उधारी असते व ती वसूल करण्याचा प्रयत्न ते सोडीत नाही. वजन उतरले की विश्रांतीच्या अवस्थेतही ते पूर्वीपेक्षा कमी उष्मांक खर्च करू लागते. काही काळाने भूक हळूहळू परतते, नळी थोडी सैलावते, आणि एका वेळी अर्धी वाटी खाणारा माणूस नकळत दीड वाटीवर येतो.

किती वजन परतते? याविषयीचा सर्वांत विश्वसनीय पुरावा स्वीडनमधील आहे. १९८७ मध्ये तेथे सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले सुमारे २,००० लठ्ठ रुग्ण आणि तेवढेच शस्त्रक्रिया न झालेले रुग्ण यांची तुलना वर्षानुवर्षे करण्यात आली. शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्क्यांनी, दहा वर्षांनी १७ टक्क्यांनी आणि वीस वर्षांनी १८ टक्क्यांनी कमी होते. त्या वेळच्या पद्धती आजच्याहून काहीशा वेगळ्या होत्या, हे ध्यानात ठेवूनही हे आकडे बोलके आहेत. १२० किलोंचा माणूस दोन वर्षांनी सुमारे ९२ किलोंवर येतो आणि वीस वर्षांनी ९८ किलोंच्या आसपास असतो. म्हणजे उतरलेल्या २८ किलोंपैकी सहा परत आले. हा पराभव म्हणावयाचा काय? मुळीच नाही. शस्त्रक्रिया न झालेल्यांचे वजन जवळजवळ होते तिथेच राहिले, आणि याच अभ्यासाच्या २००७ च्या अहवालात शस्त्रक्रिया झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी आढळले. तेव्हा थोडे वजन परतणे हा या उपचाराचा अपेक्षित भाग आहे. तो रुग्णाला आधी कोणी सांगितलेला नसतो, म्हणून तीन किलो वाढताच त्याला वाटते की सगळे मुसळ केरात गेले. मग तो काट्यावर उभा राहणे सोडतो, लाजेने डॉक्टरांकडे जात नाही, आणि तीनाचे पंधरा होतात. सरासरीच्या आड असे पंधरावालेही दडलेले असतात.

येथे समाजाच्या वृत्तीविषयी बोलले पाहिजे. मधुमेह्याची साखर वाढली तर त्याला गोळी वाढवून देतात. शस्त्रक्रिया झालेल्याचे वजन वाढले तर त्याला टोमणा देतात. 'एवढे लाख घातले आणि पुन्हा तसाच' हे वाक्य लग्नसमारंभात हमखास ऐकू येते. स्थूलता म्हणजे आळस आणि खादाडपणा, हे समीकरण आपल्या मनात इतके घट्ट बसले आहे की शस्त्रक्रियेलाही लोक पळवाट समजतात. वस्तुतः हा दीर्घकालीन आजार आहे. त्यात भारतीय शरीराची ठेवण वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे व इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले होते. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के! वरकरणी बारीक दिसणाऱ्या भारतीयाला मधुमेह लवकर का गाठतो, याचा उलगडा त्या एका छायाचित्राने केला. या कारणानेच भारतीयांसाठी शस्त्रक्रियेचे निकष पाश्चात्त्यांपेक्षा खालच्या आकड्यांवर ठेवलेले आहेत. वजन थोडेसे परतले तरी आपल्याकडे मधुमेह डोके वर काढू शकतो, हाही त्याचाच अर्थ.

आता किनाऱ्यावरील ताटाकडे वळावे. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिने पोटात जाणे आवश्यक असते. ती गेली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि स्नायू झिजले की वजन परतण्याची वाट मोकळी होते. मुंबईहून परतताना रुग्णाच्या पिशवीत प्रथिनांच्या भुकटीचे महागडे डबे असतात. सुरुवातीच्या पातळ आहाराच्या दिवसांत त्यांची गरज असते, हे मान्य. पण ज्या किनाऱ्यावर बांगडा, मांदेली आणि कोळंबी दारात येते, तिथे ही भुकटी जन्मभर कशाला? शंभर ग्रॅम बांगड्यात वीसएक ग्रॅम प्रथिने असतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा सुके बोंबील व जवळा आहे. सुक्या बोंबलात शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमपर्यंत प्रथिने भरतात, मात्र रक्तदाब असणाऱ्याने त्यातील मीठ धुऊन काढावे. मासे न खाणाऱ्यांसाठी भाताच्या कापणीनंतर याच जमिनीत पिकणारे वाल आहेत, दूध-दही आहे. प्रश्न पदार्थांचा नसून क्रमाचा आहे. कोकणचे जेवण भाताभोवती रचलेले असते आणि मासळी त्याला लावून खाण्यापुरती. शस्त्रक्रिया झालेल्याने हे उलटवावे लागते. आधी मासळी किंवा उसळ, मग भाजी, आणि जागा उरलीच तर दोन घास भात. पाणी जेवणासोबत प्यायचे नाही, अर्ध्या तासाने प्यायचे.

खरा शत्रू मात्र भाकरी किंवा मासा नव्हे. लहान झालेले जठर घट्ट अन्नाला अडविते. पातळ आणि भुसभुशीत अन्नाला ते अडवू शकत नाही. गोड चहा, त्यात बुडविलेली खारी, बिस्किटे, सरबत, आइस्क्रीम, फरसाण हे सर्व त्या नळीतून सहज घसरते. मऊ भात आणि पेजही तशीच. ज्याला दोन मासे जात नाहीत, त्याला दिवसभरात सहा कप गोड चहा विनासायास जातो. कचेरीत काम करणाऱ्यांचे वजन जेवणाच्या ताटापेक्षा अनेकदा या कपबशीतूनच परतते. मद्याचे तसेच, किंबहुना अधिक वाईट. शस्त्रक्रियेनंतर ते रक्तात फार लवकर चढते आणि त्याची सवय जडण्याचा धोकाही वाढतो.

आणि ताट एकट्याचे नसते. गौरी-गणपतीत चाकरमानी घरी आले, मोदकांची रास लागली, आणि घरच्या सुनेने अर्ध्या मोदकावर हात आखडला, तर सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सर्वांना त्यात अन्नाचा अपमान दिसतो. शिवाय जी स्त्री सर्वांना वाढून शेवटी बसते, तिच्या वाट्याला मासळीचा रस्सा आणि भात उरतो. तिने साठ ग्रॅम प्रथिने आणावीत कोठून? शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे समुपदेशन होते. ज्यांच्या हाती स्वयंपाकघर आहे आणि ज्यांच्या हाती पैसा आहे, त्यांचे होत नाही.

सरकारी धोरणातही अशीच विसंगती आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये अटी ठरवून दिल्या आणि विशिष्ट निर्देशांकाच्या वर, वैद्यकीय सल्ल्याने केलेल्या शस्त्रक्रियेला विम्याचे दार उघडे झाले. पाऊल स्वागतार्ह होते. पण बहुतेक विमापत्रे रुग्णालयात दाखल झाल्याचा खर्च देतात. नंतरच्या वीस वर्षांचा, म्हणजे रक्ततपासण्यांचा, लोह, कॅल्शियम व बी-१२ जीवनसत्त्वाच्या गोळ्या-इंजेक्शनांचा आणि आहारतज्ज्ञाचा खर्च रुग्णाच्या खिशातून जातो. या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. त्या सोडल्याने हातापायांना मुंग्या येतात, रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात. आणि दोष मात्र शस्त्रक्रियेच्या माथी येतो.

आता नव्या इंजेक्शनांचा बोलबाला आहे. २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात अधिकृतपणे उपलब्ध झाले, आणि शस्त्रक्रिया कालबाह्य झाली असे काहींना वाटू लागले. शस्त्रक्रियेनंतर वजन परतलेल्या रुग्णांना ही औषधे उपयोगी पडतात, हे खरे. परंतु सेमाग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आला, असे त्याच्या मोठ्या चाचणीत दिसून आले आहे. सुरी असो वा सुई, वजन टिकविण्याचे काम उरतेच. स्वतः गडकरी यांनीही नंतरच्या काळात आपल्या प्रकृतीचे श्रेय जाहीरपणे नित्याच्या व्यायामाला व प्राणायामाला दिले आहे. वजन टिकविण्यासाठी आठवड्याला अडीचशे मिनिटांहून अधिक चालणे हितावह, असे व्यायामशास्त्र सांगते. अलिबाग, नागाव, मुरूड, श्रीवर्धनच्या पुळणीवर त्यासाठी शुल्क पडत नाही; एवढ्या जागेचे भाग्य मुंबईच्या रुग्णालाही नाही.

या कामासाठी किनाऱ्यावर नवे रुग्णालय उभारण्याची गरज नाही. असंसर्गजन्य रोगांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. त्याखाली तालुक्याच्या ठिकाणी मधुमेह व रक्तदाब यांची तपासणी होते. अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. त्याच खिडकीवर शस्त्रक्रिया झालेल्यांची नोंद ठेवावी, तिमाहीला वजन व वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि बी-१२ पाहावे, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे वजन वाढलेल्यालाच मुंबईला पाठवावे. मुंबईच्या रुग्णालयांकडे मागणे याहूनही लहान आहे. रुग्णाला घरी सोडताना त्याच्या हाती जो इंग्रजी कागद पडतो, त्याची एक प्रत मराठीत असावी, आणि त्यावर कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणत्या गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या व दर वर्षी कोणते रक्त तपासावयाचे, हे श्रीवर्धनच्या डॉक्टरला व रुग्णाच्या घरच्यांना वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेले असावे.