बोटीचे तिकीट हाही एक करारच आहे



सदरच्या बाजारात बसून बोटीच्या तिकिटाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. पण 5 जून 2025 रोजी 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला आणि नागपूरचा माल आपल्याच गाडीतून मुंबईच्या दारापर्यंत नेणे सोपे झाले. तेथून पुढे मुरूड, श्रीवर्धन, दापोली हा किनारा आहे. तेथे कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. लग्नसराईची व ईदची खरेदी आहे. या गिऱ्हाइकापर्यंत जाण्याचा जवळचा रस्ता पाण्यावरून जातो.

मुंबईहून मांडवा सडकेने सुमारे 110 किलोमीटर, पाण्याने केवळ 18. भाऊच्या धक्क्यावरून मार्च 2020 मध्ये रो-रो बोट सुरू झाली. माणसे आणि गाड्या दोन्ही नेते. पुढे आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे या खाड्यांवर जंगलजेट्टी आहे. दोन्हींचा हिशेब मात्र वेगळा. रो-रोची जागा आगाऊ राखता येते. गाडीचे भाडे तिच्या प्रकारावर ठरते, माणसांचे तिकीट निराळे. खाडीवर तिकीट जागेवरच मिळते आणि गाड्यांची रांग असेल तर थांबावे लागते. म्हणून गिऱ्हाइकाला वेळेचा शब्द देताना खाडीवरचा वेळ हाताशी ठेवावा. माल भरलेल्या गाडीला कोणता दर लागेल आणि हवामानामुळे फेरी रद्द झाल्यास पैसे कसे परत मिळतील, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारावे. पावसाळ्यात तर हा प्रश्न हमखास येतो.

आता मुख्य मुद्दा. आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की, तिकीट म्हणजे चढण्याची परवानगी. चढलो की कागद फेकला. हे मत चुकीचे आहे. तिकीट हा लेखी करार आहे. आपली गाडी, आपला माल, आपला कामगार त्या बोटीवर होता, याचा तो पुरावा आहे. सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याची शिकवण आहे. दुकानात आपण ती पाळतो. मग धक्क्यावर का विसरतो?

समुद्रप्रवासाची नोंद आपल्या समाजाला नवी नाही. 1995 पर्यंत हजयात्रेकरू मुंबईहून जहाजाने जात, आणि प्रत्येकाची नोंद आधी होत असे. याउलट नोंद व मर्यादा सुटली की काय होते, हेही याच पाण्याने दाखवले आहे. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली व सहाशेहून अधिक माणसे गेली. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि 15 जणांचा मृत्यू झाला. त्या बोटीची परवानगी 84 प्रवाशांची होती; आत शंभराहून अधिक होते. धडक प्रवाशांच्या हाती नव्हती, पण भरलेल्या बोटीत न चढणे प्रत्येकाच्या हाती असते.

गरीब कारागिराचे नाव कोठेच नोंदलेले नसेल, तर तो बोटीत होता हेच त्याच्या बायकामुलांना सिद्ध करत बसावे लागते. म्हणून मालकांनी दहा-वीस रुपये वाचवण्यासाठी मदतनिसाचे तिकीट टाळू नये. तो आपल्याकडे अमानत आहे. गाडीचा क्रमांक बरोबर लिहिला आहे की नाही, ते पाहावे. पावतीची एक प्रत दुकानात ठेवावी.

बोटचालकांकडे आणि सागरी मंडळाकडेही आमची मागणी आहे. प्रत्येक धक्क्यावर प्रवाशांची व गाड्यांची मर्यादा मराठीत ठळक लिहावी, आणि खाडीवरच्या लहान फेरीतही प्रत्येक माणसाची पावती फाडावी. हे मागणे खर्चाचे नाही.

भाड्यात दोन पैसे वाचले तर नफा होतो खरा. पण माणूस सुखरूप घरी परतला, तरच त्या नफ्यात बरकत.