तांबड्या बटणाचे विस्मरण

जुन्या टू-इन-वनचे सध्या मोठे कौतुक चालू आहे. ज्या घरांतून तो कधीकाळी भंगारात गेला, त्याच घरांच्या दिवाणखान्यात तो आता पितळी समईशेजारी शोभेला मांडला जातो. सैल झालेली फीत पेन्सिलीने गुंडाळल्याच्या आठवणी निघतात, ‘तो काळच वेगळा’ असा समारोप होतो आणि मंडळी गहिवरतात. या स्मरणरंजनाला माझा आक्षेप आहे. जुन्या वस्तूवर जीव जडणे हा काही गुन्हा नव्हे. पण येथे पेटी जपली जाते आणि पेटीने जे टिपले ते कुजू दिले जाते, आणि या व्यवहाराला आपण संस्कृतिप्रेम म्हणतो.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट जगापुढे मांडली. आपल्याकडे १९८० च्या दशकात ती स्वस्त झाली आणि बड्या ध्वनिमुद्रिका कंपनीची मक्तेदारी मोडून प्रादेशिक गाण्यांना बाजार मिळाला. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात ही प्रक्रिया सविस्तर मांडली आहे. परंतु हा झाला विकल्या गेलेल्या कॅसेटचा इतिहास. भंडारा जिल्ह्यात, एकूणच झाडीपट्टीत, या यंत्राचे खरे मोल त्याच्या तांबड्या बटणात होते. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ पासून गावाला ऐकवीत आले. गावाने स्वतःला ऐकावे अशी सोय मात्र गावाच्या हाती नव्हती. ‘प्ले’ आणि ‘रेकॉर्ड’ ही दोन बटणे एकदम दाबली की ती सोय झाली. दिवाळीनंतरच्या मंडईतली दंडार, खडीगंमतीतले गाणे, बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बायांचे स्वर, हे सारे कोणाच्याही परवानगीवाचून फितीवर उतरू लागले. यातले काहीच विक्रीसाठी नव्हते. म्हणूनच त्याची दुसरी प्रत कुठे नाही.

‘सारे गाव एका अंगणात बसून ऐकत असे’ हेही एक लाडके वाक्य. एका अंगणात बसावे लागे, कारण यंत्र एकाच घरी असे. ते कोणाच्या घरी होते, अंगणात कोण बसे आणि कुडाबाहेर कोण उभे राही, हे विचारले की गहिवर ओसरतो. स्मरणरंजनाला प्रश्न सोसत नाहीत. इतिहासाचे त्यांच्यावाचून चालत नाही.

मी कोणत्या अधिकाराने बोलतो आहे, तेही सांगतो. आमच्या घरी आजीच्या रोवणीच्या गाण्यांची एक कॅसेट होती. ती कोणी पुसू नये म्हणून वडिलांनी तिच्या पाठीवरची प्लास्टिकची दोन पाती मोडून ठेवली होती. दहावीच्या सुट्टीत त्या भोकांवर चिकटपट्टी लावून मी तिच्यावर रेडिओवरची सिनेमाची गाणी भरली. आजी पुढे वारली. टू-इन-वन आजही शाबूत आहे. पाहुणे त्याचे कौतुक करतात तेव्हा मला त्या यंत्राकडे पाहवत नाही.

माझा अपराध पोरवयातला म्हणून सोडून देता येईल. आम्हा मराठीच्या प्राध्यापकांचा जाणतेपणीचा आहे. लोकसाहित्याची अभ्यासपत्रिका आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो ती छापील संहितांवरून. छापताना बोलीचे प्रमाणीकरण होते. झाडीबोलीत ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. संकलकाची लेखणी ते निमूटपणे दुरुस्त करते. ओळ संपताना लांबवलेला स्वर, मध्येच फुटलेले हसू, चिखलात पाय रुतल्याने तुटलेली लय हे तर कोणत्याच लिपीत मावत नाही. ते फक्त फितीवर आहे. आणि ती फीत ट्रंकेत, माळ्यावर, धानाच्या कोठीमागे पडून आहे.

हा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. पावसाळ्यातील दमट हवेत फितीला बुरशी चढते. चुंबकीय थर धरून ठेवणारे द्रव्य कालांतराने सुटू लागते. शोभेच्या यंत्राचेही तेच. आतला रबरी पट्टा सैल पडतो, हेडवर मळ बसतो. पट्टा बदलून देणारे कारागीर आता विरळा झाले. तेव्हा ज्यांना टू-इन-वनवर खरेच प्रेम आहे, त्यांनी तो दिवाणखान्यातून उचलून त्या कारागिराकडे न्यावा. चालू यंत्र, इअरफोनच्या छिद्रातून संगणकाला जोडणारी एक तार आणि तासाभराच्या कॅसेटमागे एक तासाचा धीर, एवढ्या भांडवलावर काम सुरू होते. सोबत गाणाऱ्याचे नाव, गाव, प्रसंग आणि साल लिहून ठेवावे. पुढे कोणाला ऐकवायचे तर गाणाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारावे. प्रत्येक महाविद्यालयातील मराठी विभागाला एका सत्रात हे झेपण्यासारखे आहे. त्यासाठी अनुदानाची वाट पाहणे ही सबब होय.

‘फितीच्या आवाजातली ऊब संगणकात उतरणार नाही’, असे रसिक म्हणतील. नसेल उतरत. पण ज्या आजीचा आवाज उद्या मुळीच ऐकू येणार नाही, तिच्या बाबतीत उबेची चर्चा हा चैनीचा भाग झाला. ट्रंक आज उघडावी. कॅसेटच्या पाठीवरची पाती मोडलेली दिसली, तर कोणीतरी ती जपण्यासाठीच मोडली होती, एवढे ध्यानात ठेवावे.