तुटणारा दोरा

दिवाळीच्या सुट्टीत नातू डोंबिवलीहून आला, तो या वेळी एक लांबट खोके घेऊन. आत चकचकीत रॉड, रीळ आणि पोपटी रंगाचा दोरा. "आजोबा, हा ब्रेडेड आहे. तुटतच नाही!"

चष्मा लावून पाहिले. खरेच, अगदी बारीक धाग्यांची वेणी घातलेली होती. वर तीस पौंड असे लिहिलेले, म्हणजे साडेतेरा किलोंचा ताण सोसणार; आणि जाडी मात्र आपल्या आठ पौंडी तंगुसाएवढीच! मला कौतुकच वाटले. आमच्या लहानपणी गरीला सुती दोरा असायचा. ओला ठेवला की कुजायचा. पुढे तंगूस आला तेव्हा जादूच झाल्यासारखी वाटली होती. तंगूस म्हणजे नायलॉन, १९३५ साली अमेरिकेत प्रयोगशाळेत तयार झालेले. आता हा त्याच्याही पुढचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहापूरहून मुरबाडकडे, काळू नदीवर गेलो. माझी निम्मी नोकरी त्याच बाजूला झाली, त्यामुळे डोह ओळखीचा. तळाशी खडक आणि पुरात वाहून आलेली झाडाची मुळे. तिसऱ्याच खेपेला गळ अडकला. "हाताला गुंडाळून ओढू नकोस रे," असे मी म्हणेपर्यंत त्याने ओढलाही. दोरा तुटला नाही, बोट कापले. शेवटी चाकूने दोरा कापावा लागला. पंधरा-वीस वाव दोरा नदीतच राहिला. बोटाला पट्टी बांधून घरी आलो.

आठ दिवसांनी मी एकटाच तिकडे गेलो. काठच्या करंजाच्या खाली वाकलेल्या फांदीला एक खंड्या उलटा लटकलेला दिसला. पंखाभोवती पोपटी दोरा. वाळून गेला होता बिचारा. तो दोरा आमचाच की दुसऱ्या कोणाचा, ते मी सांगू शकत नाही. रंग तोच होता एवढे खरे. नातवाला हे फोनवर सांगायचे धाडस झाले नाही. आज इथे लिहितोय, तो वाचेलच.

तेव्हापासून डोक्यात एकच विचार घोळतो आहे. आपण दोरा विकत घेताना विचारतो, किती वजन पेलेल? खरे तर विचारायला हवे, अडकला तर कुठे तुटेल?

वेणीच्या दोऱ्याला मी नावे ठेवत नाही. त्याला ताण जवळजवळ नाहीच, त्यामुळे माशाने नुसते तोंड लावले तरी हाताला कळते. शेवाळात, पाणवनस्पतींत दडलेली मरळ ओढून काढायची तर तोच उपयोगी. पण त्याला ताण नाही म्हणूनच हिसका थेट हातावर आणि गळावर येतो. खडकावर घासला की धागे उसवतात. गुळगुळीत असल्याने साधी गाठ सरकते.

तिसरा प्रकार फ्लोरोकार्बन. तो पाण्यात कमी दिसतो, पटकन बुडतो आणि खडकाला बराच टिकतो. पण महाग आणि ताठर.

आपला तंगूस ताणला की बराच लांबतो, म्हणून माशाचा हिसका सोसतो. पाणी पितो, उन्हाने कमजोर होतो, रिळावर राहून वेटोळे धरतो. वर्षा-दोन वर्षांनी बदलावा लागतो. हे सारे दोष मान्य. तरीही काळू, भातसा, शाई अशा आपल्या खडकाळ नद्यांवर काठीने बसणाऱ्याला मी बारीक तंगूसच सुचवीन. आणि वेणीचाच हवा असेल तर शेवटचे दोन वाव त्याहून कमी ताकदीचा तंगूस जोडावा. मग अडकला तरी गळाजवळ तुटतो, सगळा दोरा नदीत राहत नाही.

ही युक्ती माझी नव्हे. माझा एक कातकरी विद्यार्थी, ज्याला मी पाढे शिकवले, तो गळाखाली दगड कच्च्या दोऱ्याने बांधायचा. मी विचारले तर म्हणाला, "गुरुजी, अडकतो तो दगड. तो गेला तर गळ वाचतो, दोरा वाचतो." तेव्हा मला वाटले, हा काटकसर करतोय. तो किती शहाणा होता ते आत्ता कळले!

२०१७ साली हरित लवादाने पतंगाच्या नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, ती माणसांचे गळे आणि पक्ष्यांचे पंख कापले जातात म्हणूनच. नदीकाठच्या झुडपांत गुंतलेला दोरा वेगळे काय करतो? तो कुजत नाही. ज्या गुणासाठी आपण तो घेतला, तोच गुण टाकून दिल्यावर दोष होतो. म्हणून जुना दोरा काठावर फेकू नये, जाळूही नये. बोटभर लांबीचे तुकडे करून पिशवीतून घरी आणावा आणि कचऱ्यात द्यावा.

'तुटेपर्यंत ताणू नये' असे आपण मुलांना शिकवतो. ते माणसांच्या बाबतीत. गरीच्या दोऱ्याला मात्र तुटण्याची एक जागा आपणच आधी ठरवून द्यावी.

असो. बाळा, तुझा रॉड पुसून ठेवला आहे. रिळावर उरलेला पोपटी दोराही तसाच आहे. मे महिन्यात आलास की त्याला पुढे तंगूस कसा जोडायचा ते शिकवतो. आणि आधी आपण दोघे त्या डोहावर जाऊ, कोयती घेऊन. पाणी उतरलेले असेल, मुळांत अडकलेला आपला दोरा सापडतो का पाहू.