गोणपाटाची खोळ आणि लोकरीची टोपी



हरभऱ्याला घाटे धरू लागले आहेत, गहू पोटरीवर आला आहे. पाण्याची पाळी आली की घरातले कोणी ना कोणी रात्री बॅटरी घेऊन बांधावर जाते, कारण काही गावांत शेतीपंपाला वीज रात्री मिळते. अंगात स्वेटर असतो, पाय गार पाण्यात असतात आणि कानाला मात्र एखादे विरलेले उपरणे. म्हणून आज खत-औषध बाजूला ठेवून टोपीविषयी लिहितो. शेतीखात्याच्या माणसाला हे कशाला हवे, असे म्हणू नका. पीक सांभाळणारे माणूस सांभाळणे ही शेतीच आहे.

‘गोल विणता येत नाही, टोपी कशी जमणार?’ असे पुष्कळ भगिनी म्हणतात. गोल विणायचेच नाही! पावसात पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचला की खोळ होते, हे तुम्हाला कोणी शिकवले नाही. तसेच हे आहे. सुलट आणि उलट टाका येत असेल आणि सरळ पट्टी विणता येत असेल, तर टोपी आलीच म्हणून समजा.

पेरणीआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहतो. तसाच आधी चार इंचांचा नमुना विणा. जाड लोकरीला ८ नंबरच्या सुया ठीक. सुईचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, हे लक्षात ठेवा. नमुन्यात एका इंचाला किती टाके बसतात ते मोजा. समजा ५ बसले. डोक्याचा घेर २० इंच असेल तर वीण ताणते म्हणून २ इंच कमी धरा. १८ गुणिले ५ म्हणजे ९० टाके, आणि शिवणीचे २, एकूण ९२. प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून दुसरीचा आकडा उचलू नका.

पहिली, मोठ्यांची टोपी : ९२ टाके घालून २ सुलट, २ उलट असे तीन इंच विणा. ही वीण ताणते आणि डोक्याला घट्ट बसते. पुढे एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे करत पट्टी दहा इंच उंच करा. शेवटच्या ओळीत दोन-दोन टाके एकत्र विणा. उरलेल्या ४६ टाक्यांतून दोरा ओवून घट्ट ओढा, गाठ मारा आणि बाजू शिवा. खालची कड दुमडली की टोपीला डौल येतो.

दुसरी, मुलांची : पट्टी तशीच, मुलाच्या डोक्याच्या मापाने. वर आवळायची नाही. टाके बंद करून माथा सरळ शिवा. दोन कोपरे सशाच्या कानांसारखे उभे राहतात. दोन रंगांचे पट्टे घातले की पोरे टोपी काढू देणार नाहीत.

तिसरी, रात्री पाणी धरणाऱ्यासाठी कानटोपी : ४० टाके घालून सगळ्या ओळी सुलट, २० इंच लांब पट्टी विणा. लांबीत मधोमध दुमडा आणि एक लांब कड शिवून टाका. ती मागची बाजू. दुसरी उघडी कड चेहऱ्याभोवती येते. मागे निघालेले टोक खोळीसारखे आत खोचून टाका घाला. हनुवटीखाली बटण लावा.

आता मुख्य गोष्ट. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा बराच धागा ॲक्रिलिकचा असतो. तो स्वस्त, धुवायला सोपा, घरात वापरायला चांगला. पण रात्री पाणी धरणारा शेकोटीजवळ बसतो. ॲक्रिलिक वितळून पेटते आणि कातडीला चिकटते. खरी लोकर सहसा पेट घेत नाही, वितळत तर नाहीच, आणि दमट झाली तरी ऊब देते. ओळखायचे कसे? घराबाहेर, जवळ पाणी ठेवून, धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळा. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. ॲक्रिलिकची कडक काळी गाठ होते. कानटोपीपुरती तरी खरी लोकर घ्या. जुना लोकरीचा स्वेटर उसवून, लडी करून, गार पाण्यात धुऊन वापरलात तर खर्च थोडक्यात आटोपतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण कपाळाला टोचते. तिची टोपी करायची तर आतून जुने मऊ सुती कापड लावा.

आणखी दोन गोष्टी. मळणी यंत्राजवळ किंवा पंपाच्या पट्ट्याजवळ वापरायच्या टोपीला गोंडा नको, लोंबती नाडी नको. तान्ह्या बाळाच्या टोपीलाही गळ्याशी लांब नाडी लावू नका.

लोकरीची टोपी गरम पाण्यात धुतली तर आटते. गार पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत पसरून वाळवा.

एक टोपी तीन-चार संध्याकाळी होते. आधी घरात रात्रीची पाळी कोणाची ते पाहा आणि त्याचे डोके मोजा. बाकीच्यांच्या टोप्या मागाहून.

पुढच्या वेळी उन्हाळी भुईमुगाच्या पेरणीविषयी.